आयआरक्यू ते यूएसबी : व्यक्तिगत संगणकातील उपकरण-संघर्षाचा इतिहास (१९८१ ते २०१४)

सारांश

एकाच संगणकाला जोडलेली दोन उपकरणे स्वतंत्रपणे व्यवस्थित चालतात, परंतु एकत्र जोडताच त्यांपैकी एक किंवा दोन्ही बंद पडतात. या स्थितीस संगणक-व्यवहारात 'उपकरण-संघर्ष' म्हणतात. १९८१ च्या व्यक्तिगत संगणकापासून यूएसबीच्या प्रसारापर्यंत या संघर्षाचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. यूएसबीने जुना संघर्ष संपवला हे खरे असले, तरी टंचाई संपवली नाही; ती क्रमांकांकडून वीज, बँडविड्थ व ओळख यांच्याकडे सरकवली, असे येथे प्रतिपादन केले आहे. या स्थित्यंतरात दोषनिवारणाची जबाबदारी व ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेले, हाही या निबंधाचा विषय आहे.

बीजसंज्ञा : उपकरण-संघर्ष, इंटरप्ट, प्लग अँड प्ले, यूएसबी, दोषनिवारण, तंत्रज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते यंत्र कोणी व केव्हा निर्माण केले, त्याचा वेग किती होता, ते किती विकले गेले, या प्रश्नांभोवती तो फिरतो. यंत्र बिघडते तेव्हा काय होते, ते दुरुस्त करणाऱ्यास कोणते ज्ञान लागते आणि बिघाडाचा दोष कोणाच्या माथी मारला जातो, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. वास्तविक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किंवा कार्यालयात संगणक वापरणाऱ्या व्यक्तीचा तंत्रज्ञानाशी येणारा संबंध बऱ्याच अंशी बिघाडाच्या क्षणीच येतो. सर्व सुरळीत असताना यंत्र दिसत नाही. अडल्यावरच ते दिसू लागते.

छपाईयंत्र जोडले की स्कॅनर दिसेनासा होतो, दुसरा कॅमेरा लावला की पहिल्याचे चित्र थांबते, बाह्य हार्ड डिस्क जोडताच बिनतारी माऊस अडखळू लागतो. असे प्रसंग आजच्या संगणकावरही घडतात. त्यांकडे किरकोळ तांत्रिक कटकट म्हणून पाहिले जाते. परंतु या प्रत्येक प्रसंगामागे काही ऐतिहासिक निर्णय आहेत. मर्यादित साधनसंपत्तीचे वाटप कोणी करावे, हा त्या सर्व निर्णयांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. तो अर्थशास्त्राचा व राज्यशास्त्राचा जितका, तितकाच संगणकाचाही आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) व्यक्तिगत संगणकातील उपकरण-संघर्षाच्या कारणांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) यूएसबीच्या रचनेत जुन्या संघर्षावर कोणता उपाय योजला गेला, हे स्पष्ट करणे.
३) यूएसबीच्या काळात उद्भवलेल्या नव्या संघर्षांचे वर्गीकरण करणे.
४) दोषनिवारणाच्या पद्धतीतील सातत्य व बदल यांचा शोध घेणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः आयबीएम-सुसंगत मेजावरील संगणक व त्यांवरील विंडोज प्रणाली यांपुरते मर्यादित आहे. अन्य प्रणालींचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

३. क्रमांकांची टंचाई (१९८१ ते १९८७)

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणक जाहीर केला. त्याच्या मदरबोर्डवर पाच स्लॉट होते. त्यांत इतर उत्पादकांची कार्डेही बसवता येत. ही खुली रचना त्या संगणकाच्या यशाचे मोठे कारण ठरली आणि उपकरण-संघर्षाचे बीजही तिच्यातच होते.

एखाद्या उपकरणास मध्यवर्ती प्रक्रियकाचे लक्ष वेधून घ्यायचे असेल, तर ते एका तारेवरून संकेत पाठवते. यास इंटरप्ट म्हणतात. १९८१ च्या संगणकात या संकेतांसाठी ८२५९ए ही चिप होती आणि तिच्याकडे केवळ आठ तारा होत्या. त्यांना ० ते ७ असे क्रमांक होते. शून्य क्रमांक घड्याळाकडे व एक क्रमांक कळफलकाकडे होता. तीन व चार हे क्रमिक पोर्टांकडे, सहा फ्लॉपीकडे आणि सात पहिल्या छपाई-पोर्टाकडे होता. पुढे एक्सटी संगणकात पाच क्रमांक हार्ड डिस्कने घेतला. म्हणजे नव्या कार्डासाठी शिल्लक राहिलेली जागा नगण्य होती. १९८४ च्या एटी संगणकात दुसरी चिप जोडून ही संख्या वाढवण्यात आली. परंतु दोन चिपांना जोडण्यातच एक तार खर्च झाल्याने वापरण्याजोगे क्रमांक पंधरा झाले. त्यांतीलही बरेचसे आधीच वाटून दिलेले होते.

टंचाईपेक्षाही गंभीर बाब अशी, की हे क्रमांक दोन उपकरणांना सहजी वाटून घेता येत नसत. या रचनेत संकेताची चढती कड मोजली जाई. एकाच तारेवर दोन उपकरणांनी संकेत दिले, तर त्यांपैकी एकाची हाक ऐकूच न येण्याचा संभव असे. शिवाय कोणाला कोणता क्रमांक द्यावा, हे ठरवणारी कोणतीही यंत्रणा संगणकात नव्हती. तो निर्णय कार्डावरील जंपरच्या, म्हणजे पिनांवर बसवायच्या लहानशा टोपणांच्या, साहाय्याने वापरकर्त्याने घ्यायचा असे. दोन कार्डांचे जंपर एकाच क्रमांकावर असले, तर संगणक त्याविषयी काही सांगत नसे. तो फक्त अडे.

या काळातील सर्वांत परिचित उदाहरण क्रमिक पोर्टांचे आहे. पहिला व तिसरा पोर्ट चार क्रमांकावर, तर दुसरा व चौथा पोर्ट तीन क्रमांकावर अशी रूढ विभागणी होती. माऊस पहिल्या पोर्टावर व मॉडेम तिसऱ्या पोर्टावर असेल, तर मॉडेमने दूरध्वनी लावण्यास आरंभ करताच माऊस जागच्या जागी थिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह प्रमुख महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि मॉडेम आपल्याकडील घरांत व संस्थांत येऊ लागला, तेव्हा चौदा वर्षांपूर्वीच्या क्रमांक-वाटपाचा हा वारसाही त्याच्यासोबत आला. ध्वनिकार्डाचीही अशीच कथा आहे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या १९८९ मधील साऊंड ब्लास्टर कार्डाच्या आरंभीच्या आवृत्त्या सात क्रमांकावर ठेवलेल्या असत आणि तो छपाई-पोर्टाचा क्रमांक होता. डॉस प्रणालीत छपाईसाठी या संकेताचा सहसा उपयोग होत नसल्याने हा संघर्ष झाकलेला राही. ज्या प्रणाली त्याचा उपयोग करीत, तेथे तो उघड होई. संघर्ष असणे आणि तो जाणवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

येथे एका स्थानिक संदर्भाचा उल्लेख उचित ठरेल. देवनागरी लिपीदेखील व्यक्तिगत संगणकावर प्रथम स्लॉटमध्ये बसवायच्या कार्डाच्या रूपाने आली. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड हे त्याचे उदाहरण होय. अन्य कार्डांप्रमाणे तेही संगणकाच्या मोजक्याच स्लॉटांपैकी एक अडवीत असे. मराठीत मजकूर लिहू इच्छिणाऱ्यास संगणक उघडून आत काय आहे हे पाहणे भाग होते.

४. सुधारणेचे प्रयत्न (१९८७ ते १९९५)

या अव्यवस्थेची जाणीव उत्पादकांना नव्हती असे नाही. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या संगणकमालिकेत मायक्रो चॅनेल ही नवी रचना आणली. तीत जंपर नव्हते. प्रत्येक कार्डास स्वतःचा ओळख-क्रमांक होता, कार्डाची माहिती असलेली फाईल फ्लॉपीवर मिळत असे आणि साधनांचे वाटप आज्ञावलीद्वारे होई. इंटरप्ट वाटून घेण्याची सोयही तीत होती. तांत्रिकदृष्ट्या ही रचना सरस होती. परंतु ती आयबीएमच्या मालकीची होती आणि तिच्या वापरासाठी अन्य उत्पादकांना मोबदला द्यावा लागणार होता. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ईसा ही पर्यायी रचना जाहीर केली. परिणामी दोन्ही रचना मर्यादित क्षेत्रात राहिल्या आणि बाजारात जुनीच आयएसए रचना टिकून राहिली. संघर्षावरचा उपाय उपलब्ध असूनही कंपन्यांच्या आपसातील संघर्षामुळे तो सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

१९९२ मध्ये इंटेलने पीसीआय रचनेचे पहिले मानक प्रसिद्ध केले. पुढील वर्षी, मे १९९३ मध्ये, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी आयएसए कार्डांसाठी 'प्लग अँड प्ले' मानक मांडले. जोडा आणि वापरा, असा त्याचा आशय होता. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने ही कल्पना घरोघरी नेली. याच प्रणालीत 'डिव्हाइस मॅनेजर' हा फलक आला. संघर्ष असलेल्या उपकरणासमोर पिवळे उद्गारचिन्ह दाखवण्याची पद्धत त्याने रूढ केली. व्यक्तिगत संगणकाच्या इतिहासात ही महत्त्वाची घटना मानावी लागेल. यापूर्वी संघर्ष वापरकर्त्याने तर्काने ओळखायचा असे. आता यंत्र स्वतः त्याची कबुली देऊ लागले.

व्यवहारात मात्र जुनी जंपरची कार्डे व नवी कार्डे एकाच संगणकात नांदत होती. जुने कार्ड आपला क्रमांक सोडण्यास तयार नसे आणि नव्या व्यवस्थेस त्याचा पत्ताही नसे. या अवस्थेतील 'प्लग अँड प्ले'चे 'जोडा आणि प्रार्थना करा' असे उपहासात्मक नामांतर इंग्रजी भाषक तंत्रज्ञांनी केले, ते निष्कारण नव्हते.

५. यूएसबीचा उदय व रचना (१९९४ ते २०००)

१९९४ मध्ये कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी व नॉर्टेल या सात कंपन्यांनी एका समाईक जोडणीवर काम सुरू केले. मायक्रो चॅनेलच्या अनुभवानंतर परस्परांचे प्रतिस्पर्धी एकाच मानकासाठी एकत्र आले, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे १.० मानक प्रसिद्ध झाले. वापरातील सुलभता, पोर्टांच्या संख्येत वाढ आणि संगणक व दूरध्वनी यांची जोडणी या तीन प्रेरणा मानकातच नमूद केलेल्या आहेत.

या कामात इंटेलमधील अजय भट्ट यांचा वाटा मोठा होता. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. २०१३ मध्ये युरोपियन पेटंट कार्यालयाचा युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना देण्यात आला. पुरस्काराच्या मानकऱ्यांत बाला सुदर्शन कदंबी यांचेही नाव आहे. तथापि यूएसबीचे श्रेय एका व्यक्तीस देणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. मानक ही मुळात सामूहिक निर्मिती असते.

यूएसबीने जुना संघर्ष कसा सोडवला, हे समजून घेण्यासाठी तिचे मूलतत्त्व पाहावे लागेल. या रचनेत कोणतेही उपकरण आपण होऊन बोलत नाही. यजमान संगणक प्रत्येकाला क्रमाने विचारतो व विचारल्यावरच उपकरण उत्तर देते. सभापतीने नाव पुकारल्याशिवाय सदस्याने बोलू नये, असा हा नियम आहे. त्यामुळे प्रत्येक उपकरणास स्वतंत्र इंटरप्टची गरज उरली नाही.

उपकरण जोडल्यावर घडणारी प्रक्रियाही निश्चित केलेली आहे. जोडणी होताच उपकरण एका तारेवरील विद्युतदाबाद्वारे आपले अस्तित्व व वेग सूचित करते. यजमान त्यास पूर्वस्थितीत आणतो. त्या वेळी त्याचा पत्ता शून्य असतो. यजमान त्यास नवा पत्ता देतो, नंतर त्याची वर्णनपत्रे वाचतो आणि त्यांतील उत्पादक-क्रमांक, वस्तू-क्रमांक व वर्ग पाहून योग्य ड्रायव्हर निवडतो. पत्त्यासाठी सात अंकस्थाने असल्याने १२८ पत्ते होतात. शून्य राखीव असल्याने एका यजमानास १२७ उपकरणे जोडता येतात. आठ व पंधरा या संख्यांच्या तुलनेत ही समृद्धीच होती.

संक्रमणाचा काळ मात्र सोपा नव्हता. यूएसबी उपकरणांना इंटरप्ट लागत नसला, तरी त्यांचे नियंत्रण करणाऱ्या चिपेस तो लागतच होता. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये यूएसबीला आयआरक्यू द्यावा किंवा नाही, असा पर्याय असे. तो बंद असल्यास सर्व यूएसबी उपकरणे मृतवत राहत. म्हणजे संघर्ष मिटवण्यासाठी आलेल्या व्यवस्थेस प्रथम जुन्याच रांगेत उभे राहावे लागले. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये यूएसबीचा आधार नव्हता. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबला, ही घटना सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलने आयमॅक बाजारात आणला. त्यातून जुने क्रमिक पोर्ट व फ्लॉपी वगळून यूएसबीचाच आधार घेतल्याने उपकरण-उत्पादकांना नव्या जोडणीकडे वळावे लागले. सप्टेंबर १९९८ मध्ये १.१ व एप्रिल २००० मध्ये २.० ही मानके आली. वेग सेकंदास १२ मेगाबिटवरून ४८० मेगाबिटवर गेला. जानेवारी २००१ मधील लिनक्सच्या २.४ आवृत्तीतही यूएसबीचा आधार समाविष्ट झाला.

६. संघर्षाची नवी रूपे

क्रमांकांची टंचाई संपल्यावर उपकरण-संघर्ष इतिहासजमा होईल अशी अपेक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. पुढील विवेचनात नव्या संघर्षांचे चार प्रकार केले आहेत.

अ) विजेचा संघर्ष : यूएसबी ही माहितीबरोबर वीजही पुरवते. २.० मानकानुसार उपकरणास आरंभी १०० मिलिअँपिअर व परवानगीनंतर कमाल ५०० मिलिअँपिअर घेता येतात. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबने चार पोर्ट दिले, तर प्रत्येकाच्या वाट्यास १०० मिलिअँपिअरच येतात. बाह्य हार्ड डिस्कची तबकडी फिरू लागते त्या क्षणी तिला अधिक वीज लागते. ती न मिळाल्यास डिस्क सुरू होते, थांबते व पुन्हा सुरू होते, असा अनुभव येतो. दोन पोर्टांतून वीज घेणारी दुतोंडी केबल याच अडचणीतून आली. नोव्हेंबर २००८ मधील ३.० मानकाने ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर केली. येथे दोष एका उपकरणात नसतो. अनेक उपकरणांच्या मागणीच्या बेरजेत असतो.

आ) बँडविड्थचा संघर्ष : कॅमेरा व ध्वनी यांसाठी यूएसबीत नियत कालाने जागा राखून ठेवावी लागते. २.० मानकानुसार प्रत्येक १२५ मायक्रोसेकंदांच्या अवधीतील जास्तीत जास्त ८० टक्के भाग अशा नियतकालिक वाहतुकीस देता येतो. ६४० गुणिले ४८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूस दोन बाइट लागणारे व सेकंदास तीस चौकटींचे असंकुचित चित्र सेकंदास सुमारे १४७ मेगाबिट जागा घेते. असे दोन कॅमेरे कागदावर एका नियंत्रकावर बसतात. तरीही प्रत्यक्षात दुसरा कॅमेरा अनेकदा नाकारला जातो, कारण पुष्कळ कॅमेरे गरजेपेक्षा मोठी जागा राखून ठेवतात. रेल्वेच्या डब्यात आसने रिकामी दिसावीत, परंतु ती सर्व आरक्षित असावीत, तशी ही अवस्था होय. शेजारच्या पोर्टात तार बदलून उपयोग होत नाही, कारण ते दोन्ही पोर्ट बहुधा एकाच नियंत्रकाचे असतात. दुसऱ्या नियंत्रकाचा पोर्ट शोधावा लागतो आणि संगणकाच्या पेटीवर तसे कोठेही लिहिलेले नसते.

इ) ओळखीचा संघर्ष : हा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा आहे. यूएसबी उपकरणास अनुक्रमांक असणे सर्व वर्गांत बंधनकारक नाही. अनुक्रमांक नसलेले उपकरण एका पोर्टातून काढून दुसऱ्यात लावले, तर विंडोज त्यास नवे उपकरण मानते. जुनी नोंद तशीच राहते. यूएसबी-क्रमिक परिवर्तकाच्या बाबतीत याचा परिणाम म्हणून पोर्ट-क्रमांक बदलतो आणि ठरावीक क्रमांकच ओळखणारी प्रयोगशाळेतील जुनी आज्ञावली उपकरण सापडत नाही असे सांगते. विंडोज एक्सपीत आणखी एक घोटाळा असे. महाजालातील, म्हणजे नेटवर्कवरील, फोल्डरला दिलेले अक्षरच ती प्रणाली पेनड्राईव्हलाही देई. परिणामी पेनड्राईव्ह जोडला गेल्याचा संदेश येई, पण तो दिसत नसे. पेनड्राईव्ह निर्दोष, पोर्ट निर्दोष, नेटवर्कही निर्दोष. तरीही काम अडलेले.

ड्रायव्हर बसवण्यापूर्वी उपकरण जोडू नये, अशी सूचना अनेक छपाईयंत्रांच्या व स्कॅनरच्या पोर्टावर चिकटवलेली असे. तिचे कारणही ओळखीतच आहे. आधी जोडल्यास प्रणाली त्यास 'अज्ञात उपकरण' म्हणून नोंदवी आणि ही चुकीची नोंद पुसणे पुढे कष्टाचे होई. जोडा आणि वापरा, या वचनाचा हा एक प्रकारे भंगच होता.

ऑक्टोबर २०१४ मधील एक घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. एफटीडीआय या स्कॉटलंडमधील कंपनीच्या यूएसबी-क्रमिक चिपांच्या नकला बाजारात मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या स्वयंचलित अद्ययावतीकरणातून लोकांच्या संगणकांवर गेला आणि त्याने नकली चिपांचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकला. त्यामुळे ती उपकरणे ओळखली जाईनाशी झाली. टीकेनंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. कंपनीची तक्रार रास्त असेल; परंतु शिक्षा नक्कल करणाऱ्यास न होता, आपल्या उपकरणात कोणती चिप आहे हे ठाऊक नसलेल्या ग्राहकास झाली. त्याच वर्षी कार्स्टन नोल व याकोब लेल या संशोधकांनी पेनड्राईव्हची अंतर्गत आज्ञावली बदलून तो स्वतःस कळफलक म्हणून सादर करू शकतो, हे दाखवून दिले. उपकरण स्वतःविषयी जे सांगेल ते खरे मानायचे, हे यूएसबीचे बलस्थान हीच तिची दुर्बलता आहे, हे या दोन घटनांनी स्पष्ट केले.

ई) रेडिओलहरींचा संघर्ष : ३.० मानकाच्या वेगवान संकेतांतून निर्माण होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पसरतो. बिनतारी माऊस व कळफलक याच पट्ट्यात काम करतात. इंटेलने २०१२ मध्ये याविषयी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. माऊसचा ग्राहक हार्ड डिस्कच्या शेजारील पोर्टातून काढून लहान केबलने दूर नेल्यास अडचण बहुधा दूर होते. येथे दोन उपकरणांत आज्ञावलीचा किंवा क्रमांकाचा काहीही संबंध नसतो; केवळ शेजार हाच दोष ठरतो.

७. निदानपद्धतीतील सातत्य

संघर्षाची कारणे बदलली, परंतु निदानाची पद्धत आश्चर्य वाटावे इतकी स्थिर राहिली. आयएसएच्या काळात जाणकार तंत्रज्ञ सर्व कार्डे काढून टाकी व एकेक कार्ड पुन्हा बसवी. ज्या कार्डानंतर बिघाड परत येई, त्याच्याशी संबंध असलेल्या जोडीचा शोध घेई. यूएसबीच्या काळातही कळफलक व माऊस वगळता सर्व उपकरणे काढून ती एकेक जोडणे, हाच पहिला उपाय आहे. एका वेळी एकच बदल करावा, हे प्रयोगशास्त्राचे सूत्र दोन्हींच्या मुळाशी आहे.

त्यापुढील पायऱ्या संघर्षाच्या प्रकारावरून ठरतात. वीजपुरवठा असलेला हब लावल्यावर अडचण मिटली, तर कारण विजेत आहे. अन्य नियंत्रकाच्या पोर्टात नेल्यावर मिटली, तर ते बँडविड्थमध्ये असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या संगणकावर उपकरण ठीक चालत असेल व याच संगणकावर नसेल, तर जुन्या नोंदी व ड्रायव्हर तपासावेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणे जोडणीनुसार पाहण्याची सोय आहे. तिच्यामुळे कोणता पोर्ट कोणत्या नियंत्रकाचा हे कळते. न जोडलेल्या उपकरणांच्या नोंदीही तेथे उघड करता येतात. बारा क्रमांकाची त्रुटी साधने अपुरी असल्याचे, दहा क्रमांकाची उपकरण सुरू न झाल्याचे, तर त्रेचाळीस क्रमांकाची उपकरणाने स्वतः बिघाड कळवल्याचे सांगते. मात्र त्रेचाळीसमागे खरा बिघाड, अपुरी वीज किंवा सदोष केबल यांपैकी काहीही असू शकते. संदेश हा निष्कर्ष नसून पुरावा आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

बदल झाला तो ज्ञानाच्या वाटपात. जंपरच्या काळात वापरकर्त्यास संगणकाचा नकाशा ठाऊक असणे भाग होते. ते ओझे होते, पण ते ज्ञानही होते. यूएसबीने ते ओझे उतरवले आणि असंख्य लोकांना संगणक खुला केला. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्याचबरोबर नकाशाही दृष्टीआड झाला. पूर्वी संघर्ष कोठे आहे हे शोधता येई, कारण साधने मोजकी व नावाने ओळखली जाणारी होती. आता ती विपुल पण अदृश्य आहेत.

या अदृश्यतेचे सामाजिक परिणाम संभवतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकांचे पहिले वितरण झाले. आधार नोंदणीसाठी बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळांचे चित्र घेणारे यंत्र व कॅमेरा ही उपकरणे एकाच संगणकास जोडावी लागतात. संगणकाने उपकरण ओळखले, तरच त्या उपकरणाद्वारे माणसाची ओळख नोंदली जाते. उपकरण अडल्यास रांगेत उभ्या असलेल्या व्यक्तीस 'तुमचे ठसे येत नाहीत' असे ऐकावे लागण्याचा संभव असतो; कदाचित दोष हबच्या विजेत असेल. महाविद्यालयातील ठशांवर आधारित हजेरी किंवा प्रात्यक्षिक परीक्षेत न सापडणारे उपकरण यांबाबतही हेच म्हणता येईल. यंत्राचा दोष माणसाच्या नावावर नोंदला जाऊ नये, यासाठी या इतिहासाची किमान माहिती उपयुक्त ठरते.

८. निष्कर्ष

१) उपकरण-संघर्ष हा मूलतः मर्यादित साधनांच्या वाटपाचा प्रश्न आहे. १९८१ च्या रचनेत हे वाटप वापरकर्त्यावर सोपवलेले होते; यूएसबीने ते यजमान संगणकाकडे दिले.

२) तांत्रिक उपाय उपलब्ध असणे पुरेसे नसते. मायक्रो चॅनेलची रचना सरस असूनही मालकीहक्कामुळे मागे पडली, तर यूएसबी प्रतिस्पर्ध्यांच्या सहमतीमुळे रुजली.

३) यूएसबीमुळे इंटरप्टचा संघर्ष संपला, परंतु वीज, बँडविड्थ, ओळख व रेडिओलहरी या क्षेत्रांत नवे संघर्ष निर्माण झाले. त्यांत अनेकदा कोणतेही एक उपकरण दोषी नसते.

४) निदानाचे मूळ सूत्र, म्हणजे सर्व काढून एकेक जोडणे व एका वेळी एकच बदल करणे, हे दोन्ही कालखंडांत कायम राहिले.

५) सुलभता वाढली त्या प्रमाणात यंत्राच्या अंतर्रचनेचे ज्ञान सामान्य वापरकर्त्याकडून दूर गेले. म्हणून संस्थांनी उपकरणे खरेदी करताना वीजपुरवठा असलेले हब, अनुक्रमांक असलेली उपकरणे व स्वतंत्र नियंत्रक यांचा विचार करावा आणि कोणते उपकरण कोणत्या पोर्टात आहे याची लेखी नोंद प्रत्येक संगणकाजवळ ठेवावी. जंपरच्या काळातील तंत्रज्ञाची ही सवय आजही तितकीच कामाची आहे.